मिओच्या हातात भात नव्हता

आर्जेलिनचा निरोप येऊन आज पाच दिवस झाले. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. कधी नाताळला, कधी माझ्या वाढदिवसाला तिचा आवाज फोनवर येतो. या वेळी वाढदिवस नव्हता.

"माएस्त्रा, बऱ्या आहात ना? गुडघे काय म्हणतात? एक विचारायचं होतं. ती कंदीलवाली मिओ आठवते का हो? जपानी कार्टून, आपल्याकडे केबलवर लागायचं. आता त्याचे सगळे भाग फोनवर मिळतात. माझी मुलगी सात वर्षांची झाली, तिला दाखवावं म्हणते. पण सासूबाई आमच्याकडेच असतात. रोज तीन वेळा जपमाळ. त्या म्हणतात, मेलेल्यांच्या गोष्टी आहेत, पोरीच्या डोक्यात शिरेल. मी म्हटलं, आमच्या गावात याचा निकाल लावणारी बाई अजून आहे, तिलाच विचारते. तुमचा शब्द त्या मानतील. खरंच काही वाईट होतं का त्यात? मला बाराव्या भागापर्यंतच आठवतं. पुढे तुम्ही बंद केलंत."

शेवटचं वाक्य ती हसत म्हणाली होती. माझी नातपुतणी शायरा मला लिलांग, म्हणजे आजी, म्हणते. तिने निरोप मला तीनदा ऐकवला. ती म्हणाली, "लिलांग, हो किंवा नाही एवढंच तर सांगायचंय." मी म्हटलं, थांब. ती थांबली. मी सत्तावीस वर्षं थांबले आहे, ते तिला कुठे माहीत.

तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. शाळेतून निवृत्त व्हायला तीन वर्षं होती आणि माझे यजमान मार्सेलो यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शनिवारी सकाळी मी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजन पहिल्यांदा घेणाऱ्या मुलांचा वर्ग घेत असे. त्या वर्षी आमच्याकडे नवे पाद्रे आले, पाद्रे अनसेल्मो. वय एकतीस. मनिलाच्या सेमिनरीतून थेट आलेले. माणूस सरळ होता, मनात काही ठेवत नसे. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. चर्चच्या छपराची गळती काढली, आणि प्रवचनात सांगितलं की मेलेल्यांसाठी ताटात भात वाढून ठेवणं ही ख्रिस्ती माणसाची रीत नव्हे.

आमच्या इलोकोसमध्ये, फिलिपिन्सच्या या उत्तर टोकाला, त्या ताटाला आतांग म्हणतात. भात, उकडलेलं अंडं, उसाच्या दारूचा लहानसा पेला. ज्याला जे आवडत असेल ते. मार्सेलोंसाठी मी एक सिगारेटही ठेवत असे. त्या प्रवचनाला चर्चमध्ये बसलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन ताट दिवाणखान्यातून उचलून स्वयंपाकघरात नेलं. मीही नेलं. फडताळाच्या आड, चुलीच्या वर, जिथे बाहेरच्याची नजर जाणार नाही तिथे.

त्याच नोव्हेंबरात मुलांच्या आया पाद्रेंकडे गेल्या. केबलवाला बेन आपल्या स्वतःच्या चॅनलवर मनिलाहून आणलेल्या टेपा लावायचा, दुपारी साडेचारला, आणि गावातली सगळी पोरं शाळेतून पळत येऊन त्यासमोर बसायची. कंदील घेऊन मेलेल्यांच्या देशात फिरणारी एक मुलगी. चांगलं की वाईट, कोणीतरी पाहून सांगावं, असं आयांचं म्हणणं. पाद्रेंनी आम्हा तिघींची समिती केली. मी, मानांग पासिंग आणि औषधाच्या दुकानाची मानांग दोरांग; मानांग म्हणजे थोरली ताई. रविवारची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, संपल्यावर निकाल वाचून दाखवायचा आणि चर्चच्या दाराशी लावायचा: सर्वांसाठी, मोठ्यांबरोबर, किंवा मुळीच नाही.

पाहायचं कसं, हे पाद्रेंनीच ठरवलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर तीन कप ठेवलेले असत. पासिंगकडे कपडे, दोरांगकडे मारामारी, माझ्याकडे श्रद्धा. मध्ये वाडगाभर मूग. खटकणारं काही दिसलं की एक मूग आपल्या कपात टाकायचा. आठवड्याच्या शेवटी मोजायचे. आणि शुक्रवारी, आमच्याकडे मांस नसतं म्हणून, तेच मूग शेवग्याच्या पाल्याबरोबर शिजत आणि पाद्रेंसह आम्ही सगळे जेवत असू.

"या जपानी मुलींना घरी कापड मिळत नाही का गं?" पासिंग म्हणायची आणि टप्प करून दाणा टाकायची.

"शाळेचा गणवेश आहे तो," मी म्हणायची.

"आपल्याही शाळेत गणवेश आहे. गुडघे झाकतो."

दोरांगला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याने तिला ऐकायचं नसे. "कोण मेलं?" ती मध्येच विचारायची.

"सगळेच मेलेत, दोरांग. मेलेल्यांचाच देश आहे तो."

"मग मारामारी कशाला करतात?" ती म्हणायची आणि विचार करून दाणा परत वाडग्यात टाकायची. दहा मिनिटांत तिची मान छातीवर. पासिंगही तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विणकाम घेऊन येऊ लागली. खरं पाहणारी मी एकटी होते.

आणि मला ते आवडायला लागलं होतं. मिओ नावाची दहा वर्षांची मुलगी. तिच्या कंदिलात एक म्हातारी, चिडकी ज्योत राहते आणि सारखी कुरकुर करते. माणसं मरतात तेव्हा काही जण वाट चुकून मध्येच राहतात, झाडाखाली, पुलाखाली, रिकाम्या शाळेत. मिओ त्यांना नावाने हाक मारते, कंदील पुढे धरते आणि घरी पोचवते. एवढंच. ती कुणापुढे हात जोडत नाही, कुणाला काही अर्पण करत नाही. बारा भाग मी नीट पाहिले. माझ्या कपात दोन मूग होते. एक, जेव्हा ज्योत एका साधूची टिंगल करते. दुसरा मी पहिल्याच दिवशी टाकला होता, काहीतरी टाकायला हवं म्हणून.

आता आर्जेलिनबद्दल सांगते. ती माझ्या शनिवारच्या वर्गात होती, नऊ वर्षांची, सावळी, हट्टी, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. आई हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी कामाला, बाप बसवर. घरी आजी, तीही अंथरुणाला खिळलेली. आणि लेनलेन, पाच वर्षांची धाकटी बहीण, जिला घरी ठेवायची सोय नसल्यामुळे आर्जेलिन सगळीकडे घेऊन फिरायची. वर्गात लेनलेन मागच्या बाकावर बसून मेणबत्तीच्या तुकड्यांची माणसं करत असे.

त्या ऑक्टोबरात लेनलेन तापाने गेली. डासांचा ताप, चार दिवसांत. आई आली, नऊ दिवस राहिली, परत गेली. जाताना आर्जेलिनच्या कम्युनियनसाठी आणलेला पांढरा झगा, हाँगकाँगच्या पिशवीसकट, माझ्याकडे ठेवून गेली. "आठ डिसेंबरला तुम्हीच तिला घाला, माएस्त्रा," ती म्हणाली. "फोटो तेवढा पाठवा. माझ्याकडे दाखवायला काहीतरी असू दे."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी पासिंग उशिरा आली. एकटी नाही. तिने आर्जेलिनला मनगटाला धरून आणलं होतं. मुलीच्या दुसऱ्या हातात केळीच्या पानावर गार भाताचा गोळा होता.

"पाद्रे, हे बघा," पासिंग म्हणाली. "नदीवर होती. एकटी. भात ठेवून हाका मारत होती, आपल्या मेलेल्या बहिणीला. मासे धरणारी पोरं सांगतात, आठ दिवस झाले, रोज जाते."

पाद्रे खुर्चीतून उठले. खाली बसले, मुलीच्या उंचीवर. "बाळ, हे तुला कोणी शिकवलं?"

आर्जेलिनने भाताचं पान छातीशी धरलं. टीव्हीवर मिओ चालत होती. आवाज बारीक केलेला.

"घरी आजी करते का?"

"आजीला उठता येत नाही."

"मग कोणी?"

तेव्हा आर्जेलिनने माझ्याकडे पाहिलं. मी तिची माएस्त्रा, मला वाटलं, आधारासाठी पाहते आहे. मी मान हलवली, बोल, म्हणून. ती तशीच पाहत राहिली, मग तिने डोळे फिरवून टीव्हीकडे बोट केलं.

"त्यातून," ती म्हणाली.

पासिंगने सुस्कारा टाकला. "मी म्हणतच होते."

पाद्रेंचा चेहरा उतरला. ते रागावले नव्हते, हे मला अजून आठवतं. घाबरले होते. नऊ वर्षांची मुलगी रोज एकटी नदीकाठी. त्यांनी मुलीला पाणी दिलं, भात तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि आमच्याकडे वळले. "हिचं कम्युनियन या वर्षी नको. आधी हे डोक्यातून जाऊ दे." मग टेबलाशी येऊन माझा कप उचलला. "माएस्त्रा, फक्त दोन?"

त्या खोलीत एकच माणूस होतं ज्याला माहीत होतं की मिओच्या हातात भात नव्हता. बारा भागांत एकदाही नाही. पासिंग विणत होती, दोरांग झोपत होती, पाद्रे कधी पाहतच नव्हते. मुलगी खोटं बोलते आहे हे मला त्याच क्षणी कळलं. का बोलते आहे ते कळलं नव्हतं, पण आधी तिने माझ्याकडेच पाहिलं होतं. आणि माझ्या स्वयंपाकघरात फडताळाच्या आड सकाळचं ताट तसंच होतं. अंडं, सिगारेट. मला वाटलं, आता विचारपूस सुरू झाली तर ती कुठे जाऊन थांबेल? कुणाच्या स्वयंपाकघरात?

"आजचे टाकायचे राहिलेत, पाद्रे," मी म्हणाले. आणि वाडग्यात हात घालून मूठभर मूग माझ्या कपात टाकले.

असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. एकेक दाणा पडतो तेव्हा टप्प होतं. मूठ पडते तेव्हा पावसाची सर आल्यासारखं होतं. दोरांग दचकून जागी झाली. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," पासिंग म्हणाली. "माएस्त्राने मोजलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आर्जेलिनला गाठलं. आम्ही बाजारामागच्या वाटेने चालत होतो. मी तिला पानात गुंडाळलेली भाजलेल्या भाताची एक वडी घेऊन दिली होती, ती तिने खाल्ली नाही.

"मिओ भात ठेवते का गं?" मी विचारलं.

"नाही."

"मग काल का म्हणालीस?"

तिने वडीच्या पानाचा देठ सोलायला सुरुवात केली. "तुमचं नाव सांगितलं असतं तर पाद्रेंनी तुमचा वर्ग काढून घेतला असता. त्या नाना बेर्ता मावशीचं ताट पाहिलं तेव्हा त्यांनी तिला गाण्याच्या मंडळातून काढलं की नाही."

"माझं नाव?"

"आम्ही कागदाची फुलं करायला तुमच्या घरी आलो होतो ना, सर्व संतांच्या दिवशी. मला पाणी प्यायचं होतं, मी आत गेले. चुलीच्या वर ताट होतं. मला वाटलं, माएस्त्रा करतात म्हणजे बरोबर असणार."

बरोबर आहे म्हणावं तर लपवलं का होतं. चूक आहे म्हणावं तर ठेवलं का होतं.

"पण नदीवर का?" मी विचारलं. "लेनलेन तर देवाघरी गेली. दफनभूमीत जा, तिथे मेणबत्ती लाव."

"ती नदीवर राहिली," आर्जेलिन म्हणाली. "तुम्ही तिला बोलावलं नाहीत."

हे समजायला आमची एक रीत माहीत हवी. बाहेरगावी, नदीवर, शेतात कुठेही गेलो की निघताना बाई माणूस पाठीमागे वळून हाक मारतं: चल, घरी जाऊ, मागे राहू नकोस. आपल्या जिवाला, आपल्या लेकरांच्या जिवाला. जीव उनाड असतो, सावली दिसली की रेंगाळतो. अंग पुढे जातं, जीव तिथेच राहतो, आणि मग ताप येतो. पाद्रे काही म्हणोत, इथली कुठलीही आई ती हाक मारल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस उघडला तेव्हा, मी वर्गाला नदीवर नेलं होतं. सोबत जेवण, पाण्यात खेळ. निघताना मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि हाका मारल्या. मी शिक्षिका, मला वाटलं कोणी सुटू नये. म्हणून मी हजेरीची वही उघडली आणि एकेक नाव वाचलं. तेवीस नावं. चल, मागे राहू नकोस. चल, मागे राहू नकोस. वही मिटली.

"मी म्हटलं होतं," आर्जेलिन म्हणाली. "मी म्हटलं, माएस्त्रा, लेनलेन? तुम्ही म्हणालात, ती वर्गात नाही."

मला आठवलं नाही. आजही नीट आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही. पटावर नसलेल्या मुलांबद्दल मी चाळीस वर्षं तेच म्हणत आले.

"मग तिला ताप आला," ती म्हणाली. "आजी पडल्या पडल्या म्हणायची, या पोरीला नदीवरून कोणी बोलावलं नाही. मिओमध्ये सांगतात, राहिलेल्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारावी लागते. ते मी त्यातूनच शिकले, ते खोटं नाही. पण ती माझ्या हाकेने येत नाही. मोठ्या माणसाचा आवाज लागत असेल."

आम्ही तशाच नदीवर गेलो नाही. मी म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी मुद्दाम दुपारची वेळ निवडली, जेवणानंतर, गाव आडवं झालेलं असतं तेव्हा. मासे धरणारी पोरंही नसतात. आर्जेलिन पानात भात घेऊन आली होती. मी अंडं आणलं होतं.

काठावर ऊन असं पडलं होतं की पाण्याकडे बघवेना. तिने पान दगडावर ठेवलं. मी दोन पावलं पुढे झाले आणि हाक मारली. "लेनलेन, चल, घरी जाऊ. मागे राहू नकोस."

"मोठ्याने, माएस्त्रा," आर्जेलिन म्हणाली. "ऐकू जाणार नाही तिला."

मी परत हाक मारली. थोडी मोठ्याने. आणि मान वळवून मागच्या वाटेकडे पाहिलं, कोणी आहे का.

मुलीने ते पाहिलं. मग ती स्वतः ओरडली, छाती फुटेल अशी, बहिणीच्या नावाने. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मी तिच्या शेजारी उभी होते, पन्नाशी ओलांडलेली, गळा शाबूत असलेली बाई. आमच्याकडे बायका बाजारातून निघतानासुद्धा ही हाक चारचौघांत मारतात, कोणी मागे वळून पाहत नाही. मी पुटपुटले. चोरी करताना बोलावं तसं.

परत जाताना ती म्हणाली, "आली असेल का?"

"आली असेल."

"उद्या मला पाद्रेंना पापांचा पहिला कबुलीजबाब द्यायचाय. माझं कम्युनियन नाही म्हणाले, तरी कबुलीजबाब दे म्हणालेत. मी टीव्ही म्हणाले ते खोटं होतं. ते सांगू का?"

"ते नको सांगूस," मी म्हणाले. "ते माझ्या वाट्याचं आहे. ते मी सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

शनिवारी सकाळी मी पाद्रेंकडे गेले. मला तीन गोष्टी सांगायच्या होत्या: मुलीचा दोष नाही, कार्टूनचा दोष नाही, आणि ताट माझं आहे. पाद्रे नाश्ता करत होते, त्यांनी मला कॉफी दिली. मी पहिली गोष्ट सांगितली. मुलगी दुःखात आहे, तिला रोखू नका, मी जामीन राहते.

ते लगेच म्हणाले, "तुम्ही जबाबदारी घेता?"

"घेते."

"मग झालं. तुमच्यासारखी बाई जामीन असेल तर मला काय." ते मनापासून हसले. "लेकरू आहे ते. खरा दोष त्या कार्टूनचा."

कॉफी गरम होती. मी कप खाली ठेवला. "हो, पाद्रे," मी म्हणाले.

रविवारी मिस्सानंतर निकाल वाचला गेला. मुळीच नाही. कारण: मृतांना अन्न अर्पण करण्याची सवय मुलांना लावते. खाली तिघींच्या सह्या, पहिली माझी. मी तो चर्चच्या दाराशी चार टाचण्यांनी लावला. बेनने टेपा परत मनिलाला पाठवल्या. रस्त्यात भेटला तेव्हा टोपी काढून म्हणाला, "माएस्त्रा, पुढच्या टेपेला आधी तुमच्या हाताचे मूग बघून घेतो." मी हसले. पोरं महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाहीत, आणि ते ठीकच होतं. मला जास्त त्रास त्यांच्या आयांनी दिला. त्या येऊन माझे हात धरत होत्या. माएस्त्रा, तुम्ही होतात म्हणून.

आठ डिसेंबरला मी आर्जेलिनला झगा घातला. कमरेत सैल होत होता, पिना लावल्या. फोटोत ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहते आहे. तिच्या आईने हाँगकाँगहून लिहिलं, फोटो सुंदर आहे.

एकदाच तिने मला विचारलं, बऱ्याच महिन्यांनी, वर्ग संपल्यावर. "माएस्त्रा, मिओने सगळ्यांना घरी पोचवलं का हो शेवटी?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

आणि दुसरं, जे तिला माझ्याकडून हवं होतं, ते तिने विचारलं नाही. सांगितलंत का, असं. पाद्रे अनसेल्मो चार वर्षांनी दुसऱ्या गावी गेले, नंतर आजारी पडले, वारले. त्या चार वर्षांत दर महिन्याला मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून कबुलीजबाब दिला. रागावले, कंटाळले, शेजारणीबद्दल वाईट बोलले, असली पापं. त्यांच्यानंतर तीन पाद्रे आले. आताचे तर स्वतःच आतांगच्या ताटावर प्रार्थना म्हणायला घरोघर येतात, फोटो काढू देतात. माझं ताट केव्हाच दिवाणखान्यात आलं आहे. ज्या गोष्टीसाठी मी लपले, ती लपवण्यासारखी राहिलीही नाही, आणि मी मात्र तशीच राहिले.

या चार दिवसांत शायराने मला ते सगळं दाखवलं. सव्वीस भाग. मी तिला म्हटलं, एक वाटी मूग आण. "कशाला, लिलांग?" तिने विचारलं. सांगितलं तर हसत सुटली, पण आणून दिले, शेजारी रिकामा कप ठेवला. शेवटच्या भागात मिओ घरी येते. आई दारात उभी असते, बूट का भिजवलेस म्हणून रागावते, आणि मिओ जेवायला बसते. कंदील दाराबाहेर तसाच जळत असतो, अजून कोणी यायचं असेल तर. पाहून झाल्यावर मी कप उलटा केला. त्यात काही नव्हतं.

आज सकाळी मी अंगणात खुर्ची टाकायला सांगितली. शायराने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि बोला म्हणाली.

"आर्जेलिन," मी म्हणाले, "सगळे भाग पाहिले. सात वर्षांच्या मुलीला दाखव. नवव्या भागात एका मुलाची आई जाते, तेव्हा शेजारी बस. सासूबाईंनाही बसव. त्यांना सांग, यात कोणी कुणाची पूजा करत नाही, फक्त नावाने हाका मारतात. आणि मिओने पोचवलं सगळ्यांना. तू विचारलं होतंस."

"छान," शायरा म्हणाली आणि फोन काढून घेऊ लागली.

"थांब," मी म्हणाले. "झालं नाही अजून." मग मी आवाज चढवला. "आर्जेलिन, माझा शब्द सासूबाईंना सांगण्याआधी हेही सांग. त्या वेळी निकाल खोटा होता. भात त्यात नव्हता, हे मला माहीत होतं. भात माझ्या घरचा होता. तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी बोलू दिलं. सांगेन म्हणाले होते, सांगितलं नाही. आणि लेनलेनला बोलावताना मी मागे वळून पाहिलं, ते तू पाहिलंस. मला माहीत आहे तू पाहिलंस."

"लिलांग, एवढं ओरडायला नको," शायरा हळूच म्हणाली. "आयर्लंडला असंही ऐकू जातं."

"आयर्लंडसाठी नाही ओरडत मी."

कुंपणापलीकडे पासिंगची खिडकी उघडी होती. ती आता एक्याण्णव वर्षांची आहे, दिसत नाही, पण कान दोरांगसारखे नाहीत. ती खिडकीशी बसलेलीच असते. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, माझ्या नावाने.

"एर्मिन्या. कसला भात?"

"नदीवरचा. आर्जेलिनचा. तो टीव्हीतला नव्हता."

"मग ते मूग?"

"मी टाकले. मूठभर. असेच."

पासिंगच्या काठीचा आवाज आला, खिडकीच्या लाकडावर, एकदा, दोनदा.

"आणि मी सही केली," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते शुक्रवारी आम्ही खाल्ले."

"मीही खाल्ले," मी म्हणाले.

शायरा फोन हातात धरून आमच्या दोघींकडे पाहत होती. "पाठवू का?" तिने विचारलं. मी पाठव म्हणाले. पासिंगने खिडकी लावली नाही.